आईची नोंद सापडली आहे, मग 'नाही' असं का लिहून घ्यायचं?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील बदलले आहेत): फोंडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. त्यांची आई गोवा मुक्त होण्याआधी डिचोली तालुक्यातल्या एका खेड्यात, घरीच जन्मली. माहेरचं नाव शेवंती, लग्नात बदलून सुनंदा ठेवलं. आधार, मतदार ओळखपत्र, बँकेचं पुस्तक, सगळीकडे सुनंदा, आणि जन्मतारीख 1 जून 1958. आता आजोबांच्या घराची आणि कुळागराची (पोफळी-नारळाच्या बागेची) इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचं कोर्टातलं प्रकरण, निघाली आहे आणि मामांच्या वकिलाने आईचा जन्मदाखला मागितला आहे. शोध घेतल्यावर पोर्तुगीज काळातली नोंद मिळाली, पण तिच्यात नाव शेवंती आणि जन्म 14 नोव्हेंबर 1956 चा. कामं करून देणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने दादाला सुचवलं: 'सुनंदा' या नावाने शोध घ्यायला लावा, नोंद नसल्याचा दाखला घ्या, आणि त्यावर उशिराची नवी जन्मनोंद करून टाका, आधारशी जुळेल अशी. दादाला ते पटलं, ताईंना पटत नाही. आई म्हणते, "तुम्ही दोघं ठरवा." पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ताईंची स्वतःची मुलगी 10 महिन्यांची झाली, तिच्या दाखल्यावर नावाची जागा अजून कोरी आहे, त्याचं काय करायचं?

ताई, आधी उत्तर देते, कारणं मागाहून. दादाला सांगा, हा मार्ग नको. आणि सांगताना एवढंच विचारा की त्या प्रतिज्ञापत्रावर सही कोणाची लागणार? त्या माणसाची नाही, दादाची नाही, तुमचीही नाही. आईची. जवळपास सत्तरीला आलेल्या बाईने शपथेवर लिहून द्यायचं की माझ्या जन्माची नोंद कधी झालीच नव्हती, आणि तेही तिची नोंद तुमच्या घरात, तुमच्या हातात असताना.

दादाचा मुद्दा मला समजतो. तो म्हणतो, दाखल्यात खोटं काय आहे? 'सुनंदा'ची नोंद खरंच नाही. शब्दांपुरतं ते खरं आहे. पण उशिराच्या नोंदीचा अर्ज एखाद्या नावाची नोंद नाही असं सांगत नाही. या बाळंतपणाची, या आईबापांच्या पोटी या दिवशी जन्मलेल्या मुलीची नोंद झाली नाही, असं तो सांगतो. माणूस एकदाच जन्मतो, म्हणून नोंदही एकदाच. माहीत असून खोटी माहिती नोंदवायला देणं हा 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली गुन्हा आहे, शिवाय खोट्या शपथेचं ओझं वेगळंच. व्यवहार म्हणून पाहिलं तरी हे घातक आहे. तुम्हाला सापडलेली नोंद मामांच्या वकिलालाही सापडू शकते. त्याने ती कोर्टापुढे ठेवली, की नवा दाखला तर जाईलच, आईच्या प्रत्येक शब्दावरचा विश्वासही जाईल. आज तिची बाजू भक्कम आहे, ती आपल्याच हाताने पोकळ करायची कशाला?

उशिराच्या नोंदीची वाट कोणासाठी ठेवलेली आहे, हे इथे सांगते, कारण असा सल्ला अनेक घरांत दिला जातो आणि तो देणारे लोक नियम अर्धाच सांगतात. जन्म 21 दिवसांत कळवायचा असतो. त्यानंतर 30 दिवसांपर्यंत थोडं विलंब शुल्क भरून काम होतं. 30 दिवस उलटून वर्षाच्या आत असाल तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा हुकूम लागतो, आणि हुकूम देण्याआधी जन्माची खातरजमा करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पूर्वी हे काम प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे होतं, 2023 च्या दुरुस्तीने ते महसूल यंत्रणेकडे आलं. जितका उशीर जास्त, तितका वरचा अधिकारी आणि तितकी कडक चौकशी, अशी ही रचना आहे. काळ लोटला की साक्षीदार जातात, आठवणी विरतात आणि खोटं घुसवणं सोपं होतं, म्हणून ती तशी केली आहे. शेजारच्या महाराष्ट्रात 2025 मध्ये अशा उशिराच्या नोंदींची चौकशी करायला विशेष तपास पथक नेमावं लागलं. आज कोणी तुम्हाला 'दोन आठवड्यांत करून देतो' म्हणत असेल, तर तो दाखला पुढे किती वर्षं टिकेल हे त्याला विचारून पाहा.

ज्यांच्या आईवडिलांची नोंद खरोखरच नाही, त्यांनी मात्र या वाटेला बिचकू नये. ती त्यांच्यासाठीच आहे. फक्त आधी मनापासून शोध घ्यावा: जन्मगावाच्या तालुक्यात, मागचीपुढची काही वर्षं धरून, आणि आईवडिलांच्या नावानेही. जुन्या नोंदीत जन्माची तारीख आणि नोंद केल्याची तारीख वेगळ्या असतात. खेड्यातल्या घरी झालेला जन्म पुष्कळदा सवडीने सांगितला जायचा, म्हणून जन्मवर्षाच्या पुस्तकात नाव नाही एवढ्यावर नोंदच नाही असं धरू नये. शोध खरा आणि पुरता असेल, तरच 'नोंद नाही' हा दाखला घ्यावा.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या शब्दापाशी मी थांबले तो सांगते. तुम्ही तीन वेळा लिहिलं आहे, "आईच्या नोंदीतली चूक." ताई, चूक कुठे आहे?

14 नोव्हेंबर 1956 ला जन्मलेल्या मुलीचं नाव शेवंती होतं. नोंदीत शेवंती आहे. बाप तोच, आई तीच, गाव तेच. लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलं आहे. सुनंदा ही पुढे लग्नात, सासरच्यांनी ठेवलेली ओळख. लग्नाने जन्मनोंद बदलत नाही, बदलूही नये, कारण ती त्या दिवसाची साक्ष आहे. लग्नात सुनेचं नाव बदलायची आपली रीत किती सहज होती! तांदळात अंगठीने नाव लिहिलं आणि एका दिवसात मुलीचं जुनं नाव घरातून नाहीसं झालं. रीत मोडायची की ठेवायची हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण तिच्यामुळे आज हजारो बायका कागदावर दोन माणसं होऊन बसल्या आहेत आणि त्याचा भार त्यांनाच वाहावा लागतो, हे मला फार लागतं.

म्हणून तुमच्यापुढे दुरुस्तीचा प्रश्नच नाही. दोन खऱ्या कागदांमध्ये पूल बांधायचा आहे, आणि गोव्यात तो पूल बहुतेक आधीच बांधलेला असतो. तुमच्या आईवडिलांचं लग्न 1979 चं. आपल्याकडे लग्न ठरलं की तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन आधी इच्छा नोंदवायची आणि काही दिवसांनी पुन्हा जाऊन सही करायची, ही पद्धत आहे. त्या लग्ननोंदीत वधू कोण म्हणून येते? माहेरची शेवंती, तिच्या आईबापांच्या नावांसह. वर म्हणून तुमचे वडील. म्हणजे 'शेवंती, अमक्याची मुलगी' ही 'तुमच्या वडिलांची बायको' झाली, हे सरकारी पुस्तकातच लिहिलेलं असेल. ही नक्कल तुम्ही अजून काढलेली दिसत नाही, पत्रात तिचा उल्लेख नाही. ज्या तालुक्यात सही झाली तिथे आधी जा. बाकी सगळं त्यानंतर.

त्याला जोड म्हणून आईचं प्रतिज्ञापत्र करा, ज्याला कचेऱ्यांमध्ये सगळे 'वन अँड सेम' म्हणतात: शेवंती आणि सुनंदा ही एकच व्यक्ती. त्यात कुठलं नाव कुठल्या कागदावर कसं आहे ते एकेक करून लिहा, तारखांतला फरकही न लपवता लिहा. शाळेचा दाखला मिळाला तर जोडा. तिला लहानपणापासून ओळखणारी दोन म्हातारी माणसं असतील तर त्यांचंही लिहून घ्या, आणि ते लवकर करा. माझ्या मावशीच्या अशाच कामात आम्ही शेजारच्या आजींना 'पुढच्या महिन्यात नेऊ' म्हणत राहिलो. तो पुढचा महिना त्यांना मिळाला नाही. आजही ते मनाला टोचतं.

स्पेलिंगला घाबरू नका. पोर्तुगीज लेखनात 'श' साठी 'एक्स' येतो, शेवटच्या अनुनासिकासाठी 'एम' येतो, प्रभूचं पोरोबो होतं, नाईक शेवटी 'क्यू-यू-ई' घेऊन येतो. ही लिहिण्याची त्यांची रीत होती, माणूस वेगळा नव्हे. पोर्तुगीज नक्कल अधिकृत जाणकाराकडून भाषांतरित करून घ्या आणि त्याला सांगा, मूळ स्पेलिंग जसंच्या तसं ठेवा, शेजारी आजचं रूप द्या. भाषांतरात परस्पर 'सुधारलेलं' नाव ही नवी विसंगती ठरते. मूळ पुस्तक तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे असेल किंवा पणजीच्या पुराभिलेख खात्यात गेलेलं असेल, पंचायतीच्या सचिवाकडे त्यासाठी खेटे घालू नका. जिथून नक्कल मिळाली तिथूनच सही-शिक्क्याची प्रमाणित प्रत घ्या, फोनवर काढलेला फोटो इन्व्हेंटरीत चालायचा नाही.

खरी चूक असलेल्या वाचकांसाठीही थोडं सांगते, कारण दर महिन्याला अशी पत्रं येतात. 1969 च्या कायद्याखालच्या नोंदीत लेखनाची साधी चूक असेल, एखादं अक्षर, उलटसुलट आकडा, तर रजिस्ट्रार खात्री करून ती दुरुस्त करू शकतो. आशयातली चूक असेल तर काय चुकलं आणि खरं काय, हे माहिती असलेल्या दोन विश्वासू माणसांच्या जबानीसह मांडावं लागतं. दोन्हींमध्ये मूळ नोंद खोडली जात नाही. दुरुस्ती समासात लिहिली जाते, रजिस्ट्रार तिच्याखाली सही करतो, तारीख घालतो. पुस्तकात जुनंही दिसतं, नवंही दिसतं आणि बदल कोणी कधी केला तेही. पोर्तुगीज काळातल्या नोंदीचा मात्र विषय सिव्हिल रजिस्ट्रारकडे सुरू होतो आणि आशय बदलायचा असेल तर वकील घेऊन दिवाणी न्यायालयाची तयारी ठेवावी. नाव बदलायचा 1990 चा गोव्याचा कायदाही आहे. तुमच्या आईला मात्र त्याची गरज नाही.

तारखेचं कोडं तर मला अगदी ओळखीचं वाटलं. 1 जून! आमच्या पिढीच्या वरच्या कितीतरी माणसांचा वाढदिवस कागदोपत्री याच दिवशी येतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने तो लिहिला. उशिरा शाळेत गेलेल्या मुलीचं वय थोडं कमी लावायचं, हेही चालायचं. तेच पुढे आधारवर आलं. दादाला वाटतं की आधार पक्कं आणि जुनी नोंद कच्ची. उलट आहे. जन्माच्या जवळ, मागाहून कुठलाही फायदा डोळ्यांपुढे नसताना लिहिली गेलेली नोंद, पुढे अंदाजाने लिहिलेल्या तारखेपेक्षा जास्त वजनदार असते. तेव्हा बदलायचंच असेल तर आधारमधली तारीख बदला, प्रमाणित नक्कल दाखवून. आधारवर जन्मतारीख बदलायची मुभा एकदाच मिळते, म्हणून हातात पक्का कागद आल्यावरच जा. आई कागदापेक्षा दीड वर्षाने मोठी निघते, म्हणजे वयाच्या अटीवर मिळालेलं काही तिने लवकर घेतलं असंही होत नाही. ही भीती तुमच्या पत्राच्या ओळींमधून जाणवली, ती सोडून द्या.

आता मामांबद्दल. तुम्ही लिहिता, "त्यांना आईला वाटणीतून काढायचं आहे, म्हणून दाखला मागतात." कदाचित तसंही असेल. पण इन्व्हेंटरीत जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले सगळ्याच वारसांचे लागतात, वकील ते मागणारच. कबेसा-द-कझाल, म्हणजे इन्व्हेंटरीत मालमत्तेचा कारभार पाहणारा, म्हणून जो कोणी पुढे होतो, त्याला शपथेवर वारसांची नावं सांगावी लागतात. सख्खा भाऊ बहिणीला शपथेवर नाकारेल का? तसं तो कधी म्हणाला आहे का, की हे सगळं वकिलाच्या एका नोटिशीवरून आपण धरून चाललो आहोत? मामांना फोन करून कोणी बोललं, असं पत्रात कुठे नाही. त्यांनी 'होय, ही आमची शेवंती' एवढं लिहून दिलं तर नावाचा अर्धा प्रश्न तिथेच सुटेल. आणि त्यांनी नाकारलं, तरी लग्ननोंद आणि जन्मनोंद मिळून तुमचं उत्तर तयार आहे. आपल्या गोव्याच्या कायद्यात मुलगी मुलाइतकीच वारस आहे, आणि आईबापांनी मुलांना डावलून सगळी मालमत्ता दुसऱ्याला द्यायची म्हटलं तरी निम्मा वाटा मुलांसाठी राखलेलाच असतो. आईला कोणाच्या मेहेरबानीची गरज नाही.

पण हे सगळं आईला हवं आहे का?

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेलात. नोंदीची नक्कल घरी आणली तेव्हा आई म्हणाली, "आतां म्हजें नांव कित्याक सोदतात?" (आता माझं नाव कशाला शोधता?) ताई, याला तुम्ही काय उत्तर दिलंत? ज्या मुलीला वयाच्या तेविसाव्या वर्षी नाव बदलून दिलं, तिला ते बदलायचं होतं का हे तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. आज त्याच नावाची 'चूक' दुरुस्त करायची की ते बाजूला टाकून नवा जन्म लिहायचा, हे तिची मुलं आपसात ठरवत आहेत. "तुम्ही दोघं ठरवा" हे तिचं म्हणणं तुम्ही होकार समजलात. मला ते सवयीचं वाक्य वाटतं, आयुष्यभर ठरवायचं काम दुसऱ्यांनी केलेल्या बाईचं. माझं वाचणं चुकीचंही असेल, मी तिला पाहिलेलं नाही. पण एकदा दादा नसताना, घाईत नसताना, तिच्याशी बसून बोला. भावांबरोबर वाटणीला उभं राहायचं आहे का? कुळागर हवं की तिथे येण्याजाण्याचा हक्क पुरे? हक्क सोडायचा असेल तर तो समजून-उमजून सोडते आहे की भावांचं दार बंद होईल या भीतीने? आणि कागदांवर यापुढे तिला कुठल्या नावाने ओळखलं जायला आवडेल? उत्तर 'सुनंदाच बरी' असंही येईल, पंचेचाळीस वर्षं ती त्या नावाने जगली आहे. जे येईल ते खरं माना. कचेरीत जाताना तिला बरोबर घ्या, नुसत्या सहीपुरतं घरी बसवून ठेवू नका.

दादाशी भांडू नका. त्याने वाईट हेतूने काही ठरवलेलं नाही, त्याला फक्त लवकर सुटायचं आहे. लग्ननोंदीची नक्कल त्याच्या हातात ठेवा आणि वकिलाला विचार म्हणा, एवढ्यावर भागतं का. बहुतेक भागेल, आणि त्या माणसाला द्यायचे पैसेही वाचतील. त्याला आगाऊ काही दिलं असेल तर ते गेलं समजा, पण कोऱ्या कागदावर आईची सही किंवा अंगठा घेतला असेल तर आजच परत मागा.

राहिली तुमची लेक. तिचं प्रकरण सोपं आहे, पण त्याला घड्याळ लागलेलं आहे. नावाशिवाय नोंद झाली असेल तर नोंदणीच्या तारखेपासून 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. घरात दोन नावांवर एकमत होत नाही म्हणून थांबला आहात, असं लिहिलंत. तिच्या पिढीला हे थांबणं तुमच्या-माझ्यापेक्षा महाग पडेल, कारण 1 ऑक्टोबर 2023 पासून पुढे जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. शाळेचा दाखला दाखवून भागवायची जुनी पळवाट त्यांना नाही. बारशाला कानात सांगितलेलं आणि घरात हाक मारायचं नाव हवं ते ठेवा, दाखल्यावर एकच घाला, आणि जे तिथे घालाल तेच शाळेत. जाल तेव्हा दाखल्यावरचं तुमचं स्वतःचं नाव आणि स्पेलिंग तुमच्या इतर कागदांशी ताडून पाहा. इस्पितळाच्या फॉर्मवर नवऱ्याच्या आडनावाने लिहिलं गेलं असेल आणि तुमचे बाकीचे कागद माहेरच्या नावाचे असतील, तर दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी द्या. नोंद जन्म झाला तिथली असते, घरची नव्हे, म्हणून इस्पितळ ज्या हद्दीत येतं तिथल्या रजिस्ट्रारकडे जा. नोंदणीची तारीख दाखल्यावरच छापलेली आहे. ती पाहा आणि दिवस मोजा, तुमच्या हातात साधारण दोन महिने आहेत.